बर्फावरचा तंबू आणि देवबागची वाळू : एका निवाऱ्याच्या निवडीचं प्रकरण

माझं मालवणात ताडपत्री शिवायचं दुकान आहे. पावसाळ्याआधी पडव्यांना लावायच्या ताडपत्र्या, होड्यांची झाकणं, टेम्पोचे हूड, मांडवाचे पडदे असं काही ना काही वर्षभर मशीनखाली असतं. वाऱ्यापावसाला आडोसा हवा म्हणून गिऱ्हाईक पायरी चढलं की मी माप नंतर विचारतो. आधी विचारतो, लावणार कुठे आणि समोर काय आहे? इतकी वर्षं हा प्रश्न लोकांना विचारणाऱ्या माझ्याच घरात गेल्या जानेवारीत निवाऱ्याची निवड सपशेल चुकली, आणि अर्धी चूक माझी होती. त्याची ही हकीकत, मापांसकट.

गरज कोणाची

मामा ६४ वर्षांचा. राहतो देवबागला. जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर गेला, आता गुडघे धड नाहीत म्हणून होडीत पाय ठेवत नाही, पण गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, सुटलेलं नाही. दोन रॉड, शेंड्याला लावायची घंटी, डब्यात जिवंत कोळंबी आणि थर्मासमध्ये कोरा चहा. रात्री दहाला निघायचं आणि दुपारी जेवायला परत. तांबोशी किंवा चोणक लागली तर घरी, मुडदुशी लागली तर वाटेतच कोणाला तरी देऊन यायचं.

देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि दक्षिण टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी समुद्राच्या लाटेपासून खाडीच्या पाण्यापर्यंत पाच मिनिटांत चालत जाता येतं. हिवाळ्यात इथे रात्री पूर्वेकडून, जमिनीवरून मतलई वारा सुटतो तो सकाळी नऊ-दहापर्यंत. मग थोडा वेळ सगळं निपचित. अकरा-बाराच्या सुमाराला वायव्येकडून खारा वारा उठतो आणि दुपारभर वाढत जातो. म्हणजे एका दिवसात वारा जवळजवळ उलटा फिरतो. मामाचं गरवणं या फिरण्यावर बेतलेलं आहे. रात्री मतलई पाठीवर घेऊन तो समुद्राकडे तोंड करून बसतो, वारा फिरला की पट्टी ओलांडून खाडीकडे जातो आणि खारा वारा पाठीवर घेतो. वारा पाठीमागून असला की गळ लांब पडतो, दोरीला पोट येत नाही. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही, आणि विचारलं तर सांगताही येत नाही.

त्या वर्षी खोकला धरला तो दीड महिना हटेना. डॉक्टरांनी दवात बसायचं नाही असं बजावलं. मामीने त्यात स्वतःची भर घातली, की एक तर डोक्यावर काहीतरी घेऊन बस, नाहीतर रॉड माळ्यावर जातील. गरज आली ती इथून. पाठीवरचा वारा आणि डोक्यावरचं दव अडवायचं, सकाळी थोडं ऊन. बाकी काही नको.

हे इतकं स्पष्ट आता लिहितोय. तेव्हा आम्ही कोणीच ते असं मांडलं नव्हतं.

तंबू कुठून आला

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. लोक बर्फावर चालत जातात, मोठ्या गिरमिटाने भोक पाडतात आणि त्या भोकातून गरवतात. तिथला वनखात्यासारखा सरकारी विभाग सांगतो की नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान ४ इंच असल्याशिवाय पायी जाऊ नका. तापमान शून्याखाली वीस अंश, त्यात मोकळ्या तळ्यावरचा वारा, म्हणून निवारा लागतोच. तिथे मुख्यतः दोन जाती आहेत. एक स्लेजवर बसवलेला: खाली ढकलगाडीसारखं प्लॅस्टिकचं तसराळं, त्यावर बसायची जागा, आणि मागून पुढे डोक्यावर उलटायचं कापडी टप. एका भोकावर मासा लागला नाही तर टप मागे टाकायचं आणि स्लेज ओढत पुढच्या भोकावर. दुसरी जात उघडणाऱ्या छत्रीसारखी: प्रत्येक भिंतीच्या मध्यावर एक गाठ, तिच्यातून फायबरच्या चार कांबी चारी कोपऱ्यांना जातात. गाठीची दोरी बाहेर ओढली की भिंत फट्‌दिशी ताठ होते. जागा ऐसपैस, उभं राहता येतं, पण हलवायला किचकट आणि नांगरल्याशिवाय उपयोग नाही.

भावाकडे दुसऱ्या जातीचा होता. त्याने स्लेजवाला घेतला, आणि जुन्याचं काय करायचं म्हणताना त्याला मामाचा खोकला आठवला. विमानात २३ किलोच्या दोन बॅगा न्यायला मिळतात, त्यातली एक त्याने या तंबूवर खर्च केली. यामागचं प्रेम मी नाकारत नाही. त्याच्या बायकोच्या माहेरचे चॉकलेटावरून काय बोलले तेही मला माहीत आहे.

खळ्यात तो उघडला तेव्हा सगळी वाडी जमली. ६ फूट बाय ६ फूट तळ, साडेसहा फूट उंची, वजन १५ किलो. कापड ६०० डेनियर पॉलिएस्टर, आत रजईसारखा शिवलेला थर, आणि आतून काळंकुळीत. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० म्हणजे शाळेच्या चांगल्या दप्तराचं कापड. शिलाई पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली. कोपऱ्यांना दुहेरी थर, ताण येईल तिथे पट्टी, चेन बोटाएवढी जाड. तळ मात्र नाही, कारण तिथे बसायचं ते भोकाभोवती. आणि खालच्या कडेला सभोवार फूटभर रुंद कापडी झालर, आडवी बाहेर पसरलेली. तिच्यावर फावड्याने बर्फ लोटायचा, म्हणजे खालून वारा शिरत नाही आणि तंबू दाबून बसतो.

मामा दोन फेऱ्या मारून आला. आत डोकावला.

"घर बरां आसा," तो म्हणाला, "पण हेच्यात बसान मासो कसो दिसतलो?"

भाऊ हसला. तिथे मासा पायाखालीच असतो. मला वाटतं प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण १५ किलोची भेट विमानातून आलेली, तिला नाही कोण म्हणणार?

पंचमीची रात्र

पौषातली वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते हा जुना हिशेब मुंबईच्या बाजूचा, पंचमीला पावणेचार. आमच्याकडे भरती त्याहून आधी येते, म्हणून मामाने तीनचा अंदाज धरला. दहाला आम्ही वाळूत उतरलो तेव्हा पाणी नुकतंच चढू लागलं होतं.

तंबू उभा करायला चार मिनिटं लागली. यात त्याला पैकीच्या पैकी गुण. मग नांगर. बर्फाचे नांगर म्हणजे हातभराचे आटे असलेले स्क्रू. बर्फात पिळले की दगडासारखे बसतात. वाळूत ते पिळायचीही गरज पडली नाही, नुसते दाबले तरी गेले, आणि तितक्याच सहज दोन बोटांनी वर आले. भाऊ म्हणाला, झालरीवर वाळू टाकूया. मी म्हटलं, नको, वाळूने कापड घासतं, शिलाई जाईल. मी गोण्या आणल्यात. खताच्या चार रिकाम्या गोण्या, प्रत्येकीत साधारण १५ किलो वाळू भरली, चार कोपऱ्यांना नायलॉनने बांधली आणि ठेवून दिली. मांडवाला आम्ही असंच करतो. ही माझी चूक. पुढे येईलच.

आत खरोखर सुख होतं. वारा शून्य. मामा खुर्चीत टेकला, मफलर काढला, थोड्या वेळाने घोरू लागला. रॉड बाहेर, पाण्याच्या कडेला, वाळूत खोचलेले. साडेबाराला घंटी वाजली. मामा दचकून उठला आणि काळोखात चेन शोधू लागला. काळ्या कापडावर काळी चेन, ती दाराच्या कोणत्या बाजूला आहे ते त्याला आठवेना. बाहेर पडेपर्यंत दोरी सैल लोळत होती. टोकाला गळ नव्हता. तांबोशी असणार, कारण ती गळ लागला की सरळ खडकात घुसते आणि दोरी कापते.

"मी हय झोपाक इलंय काय?" मामा म्हणाला. त्यानंतर तो तंबूत गेलाच नाही, दाराबाहेर स्टूल टाकून बसला. दवात.

एक वाजता पाणी गोणीला लागलं. गोठलेलं तळं जागचं हलत नाही, आमचं पाणी हलतं. मालवणकडे भरती-ओहोटीचा चढउतार मुंबईच्या जवळपास निम्माच, पण किनारा सपाट असेल तर पाणी एक फूट चढताना वीस-वीस फूट आत येतं. तंबू दोनदा मागे न्यावा लागला. गोण्या सोडायच्या, उभा तंबू दोघांनी चार हातांनी उचलायचा, मतलई त्याला समुद्राकडे ढकलते म्हणून मागे रेलत चालायचं, परत गोण्या बांधायच्या. मामा एकटा असता तर? हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. निवाऱ्याच्या पावतीवर 'दोन-तीन माणसांसाठी' असं छापलेलं असतं ते आत बसणाऱ्यांचं. उचलणाऱ्यांचं कोणी छापत नाही.

पहाटे चारला आत हात लावला तर कापड ओलं. रजईचा थर असल्याने तिथे घाम कमी धरतो असं भाऊ सांगत होता, आणि तिथल्या कोरड्या थंडीत, गॅसच्या शेगडीबरोबर, छताच्या झडपा उघड्या ठेवून ते खरं असेलही. आमची हवाच ओली. खाली तळ नाही, तेव्हा ओल्या वाळूची वाफ थेट आत. छतावरून थेंब पडत होते.

शेगडीचा विषय निघाला म्हणून मध्येच एक गोष्ट सांगून घेतो. मामीने कोळशाची छोटी शेगडी बरोबर दिली होती, चहा तापवायला आणि हात शेकायला. मी ती आत नेऊ दिली नाही. जळता कोळसा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडतो; त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही, नुसती झोप लागते आणि माणूस उठत नाही. बर्फावरचे लोक गॅसची शेगडी वापरतात तरी झडपा उघड्या ठेवतात आणि तो वायू ओळखून ओरडणारं यंत्र टांगतात. आमच्याकडे थंडीत खोलीत शेगडी घेऊन दारं लावणारी घरं अजून आहेत. तंबू तर खोलीहून बंद.

सकाळचे अकरा

आतून ठिबकतोय म्हणून आम्ही सकाळी तो सुकायला ठेवला. दार उघडं, खिडक्या उघड्या. दार पश्चिमेला, कारण रात्री समुद्राकडे बघायचं होतं. मामा रॉड घेऊन खाडीच्या बाजूला गेला. आम्ही दोघे माडाखाली आडवे झालो.

खारा वारा उठला तो उघड्या दारातून सरळ आत. आधी भिंती फुगल्या, मग छत. फुटबॉलच्या ब्लॅडरसारखा तंबू एका बाजूने उचलला गेला, समुद्राकडच्या दोन गोण्या घसरत आल्या, एक सुटली, आणि पाहता पाहता तो गडगडत निघाला कर्लीच्या दिशेने, एक गोणी शेपटीसारखी फरफटत. वाटेत सुरूच्या खुंटावर आपटला तेव्हा कांब मोडल्याचा आवाज मी झोपेतून ऐकला. मामाने खाडीच्या पाण्यात पोटरीभर शिरून त्याला धरला. एका हातात रॉड तसाच.

हिशेब, उशिरा मांडलेला

दुकानात आल्यावर मी पाटी घेऊन बसलो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात एक चौरस मीटरवर चार किलोंहून थोडा जास्त भार येतो. तंबूची एक भिंत ३.६ चौरस मीटर. सपाट, उभ्या भिंतीसाठी थोडा वाढीव धरला तर १८ किलोंचा धक्का. वारा ४० वर गेला तर तोच ३३.

माझ्याकडे गोण्या होत्या ६० किलोंच्या. मग गेला कसा? कारण वाळूवर नुसती ठेवलेली गोणी तिच्या वजनाच्या साधारण निम्म्या ओढीला घसरते. वाऱ्याकडच्या दोनच गोण्यांवर ताण, बाकी दोघींच्या दोऱ्या सैल. म्हणजे खरा आधार पंधरा-सोळा किलोंचा. त्यात दार उघडं, आतली हवा छताला वर ढकलणार. मांडवाला हे चालतं कारण मांडवाचे खांब जमिनीत पुरलेले असतात, गोण्या फक्त पडदे फडफडू नयेत म्हणून. इतकी वर्षं मी त्या गोण्यांना नांगर समजत होतो.

मग खात्री करून घ्यायला मासे तोलायचा काटा घेऊन देवबागला गेलो. गोणीला हूक लावून ओढली. काटा आठवर येताच सरकली. मामा बघत होता. तो उठला, माडाखालून एक पिडा उचलून आणला (झावळीचा बुंध्याकडचा जाड, चपटा तुकडा, चुलीत जातो तो), त्याच्या मध्यावर दोरी बांधली, हाताने वीतदीडवीत खोल चर खणला, पिडा आडवा पुरला, ओली वाळू लोटून पायाने दाबली आणि दोरीचं टोक मला दिलं. काटा ३० पर्यंतच आहे. तो ३० वर टेकला आणि पिडा जागचा हलला नाही. वजन म्हणाल तर पाव किलो.

"रापणीक आमी ह्याच करू," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं म्हणून त्याने त्या रात्री सांगितलं नव्हतं.

इतर जे पाहिलं

फळवाल्यांची मोठी छत्री मामीला पसंत होती. उन्हाला उत्तम. रात्री पाठीमागचा वारा खालून वाहतो आणि दव तिरकं येतं. दोन रात्रींत परत. बाजारात समुद्रकिनाऱ्यासाठी म्हणून अर्ध्या उघड्या शिंपल्यासारखा तंबू मिळतो, तो मला आकाराने पटला होता. मागे भिंत, पुढे मोकळं. पण कापड इतकं पातळ की दुकानातल्या उजेडात पलीकडचा माणूस दिसत होता, आणि आतला पाणी अडवणारा लेप पॉलियुरेथेनचा. आमच्या दमट उन्हाळ्यात गुंडाळून ठेवलेला तो लेप काही वर्षांत चिकट होऊन सोलवटतो, होड्यांच्या झाकणांवर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. शिवाय पश्चिमेच्या खाऱ्या हवेत त्याच्या लोखंडी रिंगा. घेतला नाही.

राहिली माझीच ताडपत्री. घरच्याला ती शेवटी आठवते.

झालर

मामा म्हणाला, इरल्यासारखं कर. हे वाक्य ऐकून मला काय शिवायचं ते समजलं. भातलावणीला बायका घालायच्या ते इरलं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं, पुढून पूर्ण उघडं. वाकून दोन्ही हातांनी काम करता यावं आणि पाठ भिजू नये, एवढंच त्याला येतं आणि तेवढं ते चोख करतं. मामाची गरज शब्दशः तीच होती.

९ फूट बाय ७ फुटांची ताडपत्री घेतली, २०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. एवढ्या मापाचं वजन सव्वा किलोच्या आत बसतं. ऊन सोसणारी प्रक्रिया केलेलीच घ्यायची. साधी निळी एका मे महिन्यात पापडासारखी तडकते. ७ फुटांची कड मागे, वाळूवर. तिथून ती तिरकी वर चढते, साडेचार फुटांवर दोन काठ्यांवर टेकते आणि पुढे अडीच-तीन फुटांची वळचण राहते. काठ्या माणग्याच्या. माणगा हा आमच्या सिंधुदुर्गातला जवळपास भरीव बांबू, पोकळ बांबूसारखा चिरत नाही. तंबूच्या मोडक्या फायबर कांबी वापरायचा मोह झाला होता, पण त्या वाकण्यासाठी असतात, उभ्या भाराला लवतात.

काठीच्या टोकाशी पितळी आयलेट (कापडाच्या भोकाला बसवायची कडी), खाली चौपदरी कापड. लोखंडी आयलेट समुद्राजवळ एक पावसाळा टिकत नाही, आणि गंजलेली कड कापडच कापते. आयलेटमधून पुढे दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला पुरायचा पिडा.

आणि मागच्या कडेला झालर. ही कल्पना सरळ त्या बर्फाच्या तंबूची. मोडक्या तंबूची झालर उसवून, फूटभर रुंद आणि ७ फूट लांब, मी ताडपत्रीच्या मागच्या कडेला दुहेरी शिलाईने जोडली. ती वाऱ्याकडे पसरायची आणि पायाने वाळू लोटायची. वीतभर उंच ढीग केला, कडांचा उतार वजा धरला, तरी शंभर किलोंच्या वर वाळू त्या पट्टीवर बसते. ती घरून आणायची नाही, भरायची नाही, बांधायची नाही. उठताना कापड झटकलं की झालं. गोणीत जो भार एका कोपऱ्यावर येतो तो इथे सात फुटांत वाटला जातो. मी त्या रात्री भावाचं ऐकलं असतं तर तंबू कदाचित उडाला नसता, हे त्याला फोनवर सांगितलं. वाळू ओली घ्यावी लागते एवढं ध्यानात ठेवायचं; कोरडी वाऱ्याने हळूहळू निसटते.

सगळं मिळून चार किलोंच्या आत. स्कूटीच्या पायापाशी बसतं.

पहिल्या रात्री मामाने एकट्याने लावलं, मी फक्त घड्याळ बघत उभा होतो. नऊ मिनिटं. तंबूच्या दुप्पट वेळ, हे मान्य. पण भरती आल्यावर मागे न्यायला तीन मिनिटं, कारण पिडे उपटले, झालर झटकली, काठ्यांसकट उचललं आणि दहा पावलं मागे टेकवलं. पाठीवर वारा नाही, डोक्यावर दव नाही, समोर दोन्ही रॉडचे शेंडे चांदण्यात दिसत होते. सकाळी वारा पडला तेव्हा त्याने ते गुंडाळलं, खाडीकडे गेला, पाठ वायव्येला करून पुन्हा लावलं.

उणी बाजू अशी, की पाऊस तिरका आणि फिरता आला तर हे पुरत नाही. परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा मोकळ्या वाळूवर ना ताडपत्री कामाची ना तंबू. सामान तिथेच टाकून घर गाठायचं हा मामाचा नियम आधीपासूनचा आहे. दुसरं म्हणजे मतलई पडून वारा दक्षिणेला झुकला की एक बाजू उघडी पडते. तिथे एक त्रिकोणी तुकडा लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाला. सामान वाढतं.

दिव्याबद्दलही एक बोलणं झालं. नोव्हेंबर ते मार्च या काळात आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला चढतात, आणि उजेड दिसला की मादी माघारी वळते. ताडपत्रीला पांढरा टॉर्च टांगला की सगळी वळचण कंदिलासारखी उजळते. मी लाल काचेचा छोटा दिवा दिला. आमिष लावायला तेवढा पुरतो.

फेब्रुवारी

उरलेला तंबू दुकानाच्या माळ्यावर आहे. त्याच्या चेनेला मी मेणबत्ती घासून ठेवली आहे, का ते मलाच माहीत नाही. एका भिंतीचं काळं कापड आचऱ्याच्या एका होडीवाल्याच्या इंजिनावर गेलं.

भाऊ परत गेल्यावर एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ. गोठलेल्या तळ्यावर तो त्याच्या स्लेजवाल्या नव्या निवाऱ्यात बसला होता, तोंडातून वाफ निघत होती. मागे कापड फडाफडा वाजत होतं. मामीने तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. मग मामाने फोन ओढून घेतला.

"वारो खंयचो?"

भावाने इकडेतिकडे पाहिलं. त्याला सांगता येईना. मग टपाबाहेर हात काढून म्हणाला, "समोरून येतोय बहुतेक."

"आणि दार?"

तो काही बोलला नाही. फोन बर्फावर ठेवल्यासारखा झाला, स्क्रीनवर नुसतं पांढरं आकाश, आणि थोडा वेळ स्लेज गोल फिरवल्याची खरखर ऐकू येत राहिली.